गावाला विचारून केलेली दुरुस्ती

गुरुदासने मुंबईत तीस वर्षं संगणक दुरुस्त केले, कुणाला विचारलं नाही. गावी आल्यावर खाडीच्या भरती-ओहोटीच्या वेळा दाखवणारं पान इंटरनेटवर चालू केलं आणि विचारायचं म्हणजे काय ते कळलं. गेल्या वर्षी घाईघाईत दुरुस्ती करताना पान दिवसभर बंद पडलं, होड्या किनाऱ्यावरच राहिल्या. मग देवळात सभा बसली आणि ठरलं, गावाला विचारल्याशिवाय पानाला हात लावायचा नाही. चूक त्याचीच होती, म्हणून गुरुदासने मुकाट मान डोलावली.

पान मात्र गावाच्या असं अंगवळणी पडलं की खाडीच्या वाळूतून तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढणाऱ्या बायकांनी ओहोटीसाठी तिथी मोजणंच सोडून दिलं.

त्या दिवशी सकाळी सातला त्याला दिसलं की साडेसातची ओहोटी पान साडेदहाला दाखवतंय, म्हणजे पाणी चढू लागलं तरी पानावर ओहोटीच. काम दोन मिनिटांचं. त्याने गावाच्या ग्रुपवर परवानगी मागितली आणि चहा ठेवला. एकाने रविवारच्या सभेत विषय घ्यायला सांगितलं. दुसऱ्याने गेल्या वर्षीचं सगळं पुन्हा उगाळलं. प्रमुख मानकरी भिकाजी म्हणाले, आधी देवाला कौल लावून विचारू. पण कौल लावणारा गुरव बांद्याच्या बाजाराला गेलेला. गुरुदासला वाटलं, आपण नियमाने वागतोय, आता कोण बोट दाखवणार? भला माणूस दोन तास तसाच बसला.

नऊला पलीकडच्या तोंडवलीहून मेहुणीचा फोन आला, पाणी चढतंय. माहेरी गेलेली त्याची बायको सावित्री सकाळीच बायकांबरोबर खाडीतल्या वाळूवर गेली होती, फोन घरी ठेवून, पानावरची वेळ बघून.

आता मात्र त्याने कुणालाच विचारलं नाही. धावत जाऊन समोर दिसली ती होडी ढकलली. वाटेत त्याला स्वतःचीच लाज वाटली, कारण सातला चूक दिसली तेव्हाही त्या वाळूवर कुणाच्या तरी बायका जाणारच होत्या. तो पोचला तेव्हा वाळू बुडाली होती आणि सावित्री धरून पाच बायका छातीभर पाण्यात एकमेकींचे हात धरून उभ्या होत्या.

पाचही जणींना होडीत घेऊन काठावर आल्यावर त्याचा फोन वाजला. गुरव परतला होता, कौल उजवा लागला होता, दुरुस्ती सर्वानुमते मंजूर. दोषातून सुटल्यासारखं वाटून गुरुदासने फोन बायकोपुढे धरला.

"बघ, गावाक इचारलंय म्हणान उशीर झालो."

सावित्रीने लुगडं पिळलं. "पाण्यात आमी होतंव. आमका कोण इचारूक इलो?"

त्याने ग्रुपमधली नावं वरपासून खालपर्यंत पाहिली. त्यात एकही बाई नव्हती.