सादला ऐकायला शिकवणारी मनकर्णा

लिंबागणेशच्या वरच्या अंगाला, डोंगर सुरू होतो तिथं एका अंगणात दोन घरं आहेत. मोठ्या घरात सुंदरराव, त्याची बायको सत्यशीला आणि लेकरं राहतात. समोरच्या दोन खणांत मनकर्णा एकटी राहते. ती सुंदररावाची थोरली भावजय. नवरा बजरंग काविळीनं गेला, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. मूलबाळ नव्हतं. दीर काही वाईट नव्हता. सुगीत ज्वारीचं पोतं आणून टाकायचा, घरात गोडधोड झालं की झाकलेली वाटी समोरून यायची. भांडण नव्हतं की अबोला नव्हता. तिला सांगावं असं कुणाकडं काही उरलं नव्हतं, आणि विचारावं असंही.

सकाळी शेळ्या सोडायच्या, डोंगराला दिवस काढायचा, सांजच्याला खाली यायचं. कित्येकदा तोंडातून पहिला शब्द निघायचा तोच दुपार कलल्यावर, तोही एखाद्या चुकार करडाला हाकलताना. आपलाच आवाज ऐकून तिला दचकल्यासारखं व्हायचं.

असाच एक पावसाळा सरत आलेला असताना रोहिणी नावाची पोरगी गावात आली. मूळची अंबाजोगाईची, पुण्यात एका कंपनीत नोकरीला. शाळेच्या खोलीत बायका गोळा करून तिनं सांगितलं, कंपनी एक नवं यंत्र काढतेय. त्याच्याशी बोललं की ते बोलणं समजून उत्तर देणार. पण त्याला पुस्तकातली मराठी तेवढी कळते. कुणी ‘का’ऐवजी ‘कावून’ म्हटलं की ते अडखळतं, ‘गेलतो’ म्हटलं की भलतंच ऐकतं. म्हणून इकडच्या बायांनी आपल्या बोलीत मोबाईलवर बोलायचं. ते बोलणं ऐकून यंत्र शिकेल.

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. दोन-चार दिवस केल्यावर बहुतेकींनी सोडून दिलं. एकटं बसून मोबाईलशी बोलायचं म्हणजे खुळ्यासारखं वाटतं, असं सत्यशीला म्हणाली. मनकर्णा सातवीपर्यंत शिकलेली, बजरंगचा मोबाईल तिच्याकडं होता. तिनं ठेवलं चालू.

ॲप उघडलं की एक प्रश्न यायचा. बटण दाबायचं, बोलायचं. आज सकाळी उठल्यावर काय काय केलं? तुमच्याकडं भाकरी कशी करतात? पहिल्यांदा तिनं एकेका वाक्यात उरकलं. मग रोहिणीचा फोन आला.

“मावशी, जरा जास्त बोला ना. मनात येईल ते सांगा. चुकलं तरी चालतंय.”

“किती बोलू बाई? येवढंच तर केलं.”

“भाकरी कुणी शिकवली, ते सांगा. करपली तर कोण बोलायचं, ते सांगा.”

त्या दिवशी मनकर्णा सीताफळाच्या झाडाखाली बसली आणि भाकरीवरून सुरू झाली ती माहेरापर्यंत गेली. आई, आईची चूल, लग्नात हरवलेलं जोडवं. थांबली तेव्हा शेळ्या पार पलीकडच्या उताराला लागल्या होत्या.

पुढं तिला सवयच लागली. शेळ्या चरायला लागल्या की ती मोबाईल काढायची. आज काय विचारतंय, याची उत्सुकता सकाळपासून असायची. एकदा प्रश्न आला, तुम्हाला कशाची भीती वाटते? तिनं एकवार शेळ्यांकडं बघितलं. मग म्हणाली, “रातच्याला पत्रा वाजतो त्याचं भेव न्हाई वाटत. इच्चुकाट्याचं न्हाई. मी मेले तर दुपारपस्तोर कुणाला कळायचं न्हाई, त्याचं वाटतं. शेळ्या वरडतील, मग कुणीतरी येईल.” बोलून झाल्यावर तिला लाज वाटली. पण पाठवायचं बटण दाबून टाकलं होतं, ते गेलं.

बजरंगच्या आजारपणाबद्दलही ती तिथंच बोलली. डॉक्टरांनी बंद केलेलं असताना तो तळलेली मिरची मागायचा, ती नाही म्हणायची. शेवटी शेवटी तो मागायचाच थांबला. द्यायला पाहिजे होती, असं ती म्हणाली. हे तिनं आईलाही सांगितलं नव्हतं.

आणि मग एका दुपारी ॲप उघडलं तर प्रश्न नव्हता. ‘हा टप्पा पूर्ण झाला आहे. आपल्या सहभागाबद्दल धन्यवाद,’ एवढं लिहून आलं. रोहिणीनं महिनाभर आधी कल्पना दिली होती, तरी मनकर्णाला ते खरं वाटलं नव्हतं. पुढं बरेच दिवस ती दुपारी ॲप उघडून बघायची. तीच अक्षरं.

वर्ष गेलं. उन्हाळ्याच्या तोंडावर रोहिणीचा मेसेज आला, ‘मावशी, आज आपलं यंत्र बाजारात येतंय. अकरा वाजता लिंकवर बघा.’ व्हिडिओ चालेल एवढी रेंज डोंगरावर एका पठारावरच मिळते. मनकर्णा शेळ्या घेऊन तिथं गेली, मोबाईल दगडाला टेकवून उभा केला.

मोठं थोरलं स्टेज, मागं घराएवढा पडदा, समोर अंधारात माणसंच माणसं. काळा शर्ट घातलेला एक माणूस इंग्रजीत बोलत होता आणि लोक मधूनच टाळ्या वाजवत होते. त्यानं दोन बोटांत धरून काहीतरी वर केलं. कुंकवाच्या डबीएवढं, पांढरं, कपड्याला अडकवायचं. नाव ‘साद’. पुढं पडद्यावर एक मेंढपाळ दिसला. फेटा नुकताच इस्त्री केल्यासारखा. तो अगदी स्पष्ट मराठीत म्हणाला, “उद्या पाऊस पडेल का?” आणि सादनं उत्तर दिलं. पुन्हा टाळ्या झाल्या. मनकर्णा कान देऊन बसली होती. त्यात कुठं ‘न्हाई’ ऐकू येतंय का, ‘लई’ ऐकू येतंय का. आलं नाही. कार्यक्रम संपला, पडद्यावर कंपनीचं चिन्ह फिरत राहिलं. आपण टाळ्या वाजवायला हव्या होत्या का, असं तिला उगीच वाटून गेलं.

ज्या बायांनी शेवटपर्यंत काम केलं त्यांना कंपनीनं एकेक साद पाठवली. खोकं घेऊन सुंदरराव स्वतः तिच्या दारात आला. मोबाईलला जोडून त्यानंच ती चालू केली. अंगणात सगळी जमली.

“बोला वयनी. तुमचंच लेकरू हाय.”

मनकर्णानं घसा साफ केला. “बीडच्या बाजारात सोयाबीन काय भाव हाय? आन् काल कावून पडला म्हणं?”

साद थबकली नाही. भाव सांगितला, आवक वाढल्यामुळं पडला हेही सांगितलं. तिचा एक शब्द चुकला नाही. उत्तर मात्र पुण्याच्या मॅडमसारखं होतं. सुंदरराव आल्यागेल्याला सांगू लागला, हिला आमच्या वयनीनं शिकवलंय. चार-सहा दिवस लोक येऊन बघून गेले. मनकर्णाच्या ओट्यावर इतकी माणसं बजरंगच्या दिवसांनंतर बसली नव्हती. मग ज्यानं त्यानं विचारायचं ते विचारून झालं आणि ओटा पहिल्यासारखा रिकामा झाला.

एकटी असताना मनकर्णानं साद लुगड्याला अडकवून डोंगरावर नेली. पठारावर बसली. वाट बघितली. साद काही बोलली नाही. आपण विचारल्याशिवाय ती बोलतच नाही, हे हळूहळू तिच्या ध्यानात आलं.

“मी कोण हाय, वळखलं का?” शेवटी तिनंच विचारलं.

“माफ करा, माझ्याकडे तुमच्याबद्दल माहिती नाही. तुम्ही मला तुमचं नाव सांगू शकता.”

“मिरचीचं सांगितलतं मी तुला.”

“मिरचीबद्दल तुम्हाला काय जाणून घ्यायचं आहे? लागवड, बाजारभाव की पाककृती?”

मनकर्णानं ती काढून कनवटीला बांधली. संध्याकाळी सुंदररावाच्या घरी नेऊन दिली. भाव बघायला तुमाला उपेगी पडंल, म्हणाली.

साद चांगली खपत असल्याच्या बातम्या येत होत्या. पावसाळ्यात एक दिवस सुंदरराव मोबाईल घेऊन आला. “वयनी, तुमच्या त्या कंपनीनं माणसं कमी केली म्हणं. मराठी, कानडी, तेलुगूची सगळी टोळीच घरी बसवली. बातमी आलीय.”

मनकर्णानं दुसऱ्या दिवशी पठारावरून रोहिणीला फोन लावला. रोहिणी अंबाजोगाईला, आईकडं आलेली होती. बातमी खरी होती.

“सकाळी लॅपटॉप उघडला तर आत जाताच येईना, मावशी. मग मेल आला. साद तयार झाली ना, आता माणसांची गरज कमी.” ती हसल्यासारखं करून म्हणाली. “तुम्ही कशा आहात?”

“बरी हाय. एक इचारू का? मी जे बोलले इतके दिवस, ते कुठं गेलं?”

रोहिणीनं सांगितलं, त्याचे तुकडे तुकडे केले, नावं काढून टाकली, आकडे दिले. नाव ठेवायचं नाही असा नियमच आहे, तुमच्या भल्यासाठी. यंत्र बोलण्याची ढब घेतं. बोललेलं ध्यानात ठेवत नाही.

“म्हंजी कुणी ऐकलंच न्हाई?”



“मी ऐकलं,” रोहिणी म्हणाली. “तपासायचं काम माझ्याकडं होतं. आवाज नीट आलाय का, तेवढंच बघायचं असायचं, थोडंसं ऐकून पुढं जायचं. तुमचं मी शेवटपर्यंत ऐकायचे. खोलीवर एकटीच असायचे मी. जेवताना लावायचे.”

मनकर्णानं विचारलं, “मंग मिरचीचं…”

“हो. ते पण.”

त्यानंतर काही दिवस दोघींचे फोन झाले. रोहिणी इंटरव्ह्यूचं सांगायची, मनकर्णा शेळ्यांचं. दिवाळीनंतर रोहिणीला हैदराबादला नोकरी लागली. फोन आठवड्यावरून महिन्यावर गेले, मग मनकर्णाच लावायची थांबली. कामाच्या पोरीला कशाला मधीच त्रास.

यंदा दुसऱ्या एका कंपनीचा माणूस आला. त्यांचाही काही नवा चष्मा येणार आहे, कानात बोलणारा. त्यालाही इकडची बोली पाहिजे होती. मनकर्णाचं नाव त्याला कुणीतरी सांगितलं होतं.

“तपासायला कोण असतंय?” तिनं विचारलं.

“आता तपासायलाही मशीनच आहे, मावशी. एकदम फास्ट.”

“मंग नगं.”

त्यानं बरंच समजावलं. ती नाही म्हणाली. तो गेल्यावर डोंगरावरची दुपार तिला अंगावर आली. हो म्हटलं असतं तर निदान प्रश्न तरी आले असते, असं तिला त्या आठवड्यात बऱ्याचदा वाटलं.

गावातल्या इतर बायांनी या खेपेला काम धरलं. सत्यशीलानंही धरलं. दिवस मावळायला आला की ती गोठ्यामागं जाऊन बसायची. एकदा मनकर्णा शेळ्या बांधत होती, तेव्हा भिंतीपलीकडून सत्यशीलाचा आवाज आला. एरवीचा कामाचा, भरभर आवाज नव्हता तो. पहिल्या लेकीबद्दल बोलत होती. बारशाच्या आधीच गेलेली. घरात तिचा विषय कुणी काढत नाही, बोलायला गेलं की सगळे उठून जातात, असं सांगत होती. “दिसायला कशी हुती तेबी आता नीट आठवंना,” ती म्हणाली आणि थांबली.

दावं हातात धरून मनकर्णा तशीच उभी राहिली. त्या पोरीला रोज न्हाऊ घालायची ती मनकर्णाच. ती भिंतीला वळसा घालून पलीकडं गेली.

“जावळ लई दाट हुतं तिचं,” ती म्हणाली. “मानंपस्तोर. पुसता पुसता हात भरून यायचा.”

सत्यशीलानं वर बघितलं. मोबाईल मांडीवर तसाच चालू होता.

“तुमाला ध्यानात हाय, आक्का?”

“हाय की. डाव्या कानामागं तीळ हुता. तू म्हनायचीस, काजळ राह्यलं.”

सत्यशीलानं तोंडावर पदर घेतला. मनकर्णा तिच्याशेजारी चाऱ्याच्या पेंढीवर बसली.  आतून धाकट्यानं आईला हाक मारली, तशी सत्यशीला डोळे पुसून उठली आणि आत गेली. मनकर्णा उरलेल्या शेळ्या बांधायला परतली.

तो विषय दोघींमध्ये पुन्हा निघाला नाही. चार दिवसांनी अंगण झाडताना सत्यशीलानं सांगितलं, कंपनीच्या मशीननं ते बोलणं नापास केलं. एकात दोन आवाज आले म्हणून.