वाडीच्या गॅरेजातली बाळंतीण गाडी

गॅरेजमध्ये नुसतं बसून राहिलं तरी किस्से अंगाला चिकटतात. ग्रीस तरी साबणानं जातं! अमरावती रोडवरच्या वाडी गावात सुखदेव मिस्त्रींकडे बाबांच्या जुन्या गाडीचं इंजिन बांधायला टाकलं आणि पुढचे दोन महिने माझे बरेचसे रविवार तिथल्या स्टुलावर गेले.

खर्च दादाचा होता, तेव्हा अटही त्याचीच. "बाबा, इंजिन करून देतो. पण पुढं काही बिघडलं अन् चूक तुमची निघाली, त चावी मले द्याची, गाडी चालवनं बंद!" बाबा बहात्तर वर्षांचे. त्यांनी मान हलवली, पण त्या दिवशी नीट जेवले नाहीत.

*

नव्यानं बांधलेलं इंजिन ताब्यात देताना मिस्त्री पथ्य सांगतात. एका तरुणानं विचारलं, "ऐंशीनं पळवली त काय होते?"

"लेकरंबाळं हायेत का?"

"मागच्या महिन्यातच मुलगी झाली."

"मंग बायकोले आत्ताच पाण्याचे गुंड घेऊन जिना चढाले लावून राहिले का? हे पण बाळंतीणच हाय! हजार किलोमीटर पन्नासच्या वर न्याची नाही."

तो बापडा गॅरेजच्या फाटकातून पहिल्या गिअरमध्येच बाहेर पडला.

*

हे पथ्य एका प्राध्यापिका बाईंनी जरा जास्तच मनावर घेतलं. इंजिनला त्रास नको म्हणून त्या गाडी बाहेरच काढेनात. रोज संध्याकाळी पोर्चमध्ये तासभर चालू ठेवायची आणि बंद करायची! महिन्याभरानं धूर दिसला, तेव्हा घाबरून आल्या.

मिस्त्रींनी सगळं शांतपणे ऐकलं. "मॅडम, बाळंतिणीले जपा म्हटलं होतं, कोंडून ठेवा नाही म्हटलं! रस्त्यावर न्या, स्पीड कमीजास्त करा. पिस्टनच्या रिंगा तवाच नीट बसतात."

बाई तिथूनच थेट उमरेडला जाऊन आल्या. येताना मिस्त्रींसाठी पेढे!

*

एक डॉक्टर आले ते वैतागूनच. क्लच पूर्ण दाबूनही गिअर पडेना. दोन गॅरेजांनी गिअरबॉक्स उतरवून परत चढवला होता, पण फरक शून्य.

मिस्त्री सीटवर बसले, क्लच दाबला आणि खाली वाकून पायाखालचं जाडजूड नवं मॅट ओढून बाहेर फेकलं. पेडल मॅटवरच अडत होतं! मग पहिला गिअर, दुसरा गिअर, सगळे लोण्यासारखे.

"डॉक्टरसाहेब, पेशंटले पहिले चपला काढाले लावत जा!"

या माणसाला मी तेव्हापासून मनातल्या मनात नमस्कार करतो.

*

आणि मग आमचीच गाडी परत आली. इंजिन बांधून नेल्यावर आठशे किलोमीटरही झाले नव्हते. इंजिन ओरडत होतं, गाडी मात्र पुढे सरकत नव्हती. जळका वासही येत होता. क्लच संपला होता.

दादा त्याच्या घरून तातडीनं आला. मिस्त्री म्हणाले, "काकाजी, माह्या गाडीनं एक चक्कर मारू." बाबा चालवायला, मिस्त्री शेजारी, मी मागे. अमरावती रोडवर ट्रकांच्या मधून बाबांनी गाडी छान नेली. फक्त त्यांचा डावा पाय सगळा वेळ क्लचवरच टेकलेला होता; अशानंच क्लच घासून जातो. मला दिसला. मिस्त्रींनाही दिसला.

आमच्या गाडीचा गिअरबॉक्स उतरवून मिस्त्रींनी क्लचची प्लेट काढली. घासून पार गुळगुळीत! दादा हात पुढे करून उभाच होता. बाबांनी खिशातली चावी मुठीत धरली आणि खाली बघत राहिले.

"बोला मिस्त्री, चूक कोणाची?"

"माही," मिस्त्री म्हणाले. सगळं गॅरेज ऐकत होतं. "इंजिन चढवताना प्लेट उलटी बसली माह्या हातून. काकाजींचा काही दोष नाही."

दादाचा हात हळूच खाली गेला. बाबांनी चावी खिशात टाकली.

मिस्त्रींनी नवी प्लेट बसवली. क्लचच्या पेडलच्या डाव्या बाजूला पाय टेकवायला लोखंडी पट्टीही वेल्ड करून दिली. "काकाजी, गिअर बदलला का डावा पाय इथं ठेवाचा. नव्या प्लेटचं पथ्य हाय." बाबांनी पाय ठेवून बघितला आणि खूश झाले.

सगळे गेल्यावर मी मिस्त्रींना गाठलं. "मिस्त्री, प्लेट उलटी बसली त गिअरच पडत नाही ना? बाबा त तिच्यावर उमरेडला दोनदा जाऊन आले. कशी गेली गाडी?"

मिस्त्री हात पुसत म्हणाले, "माह्या हातची जाते!"