शेवंताचा अर्ज

हे मी माझ्या यजमानांनाही सांगितलं नव्हतं, आणि ते जाऊनही आता बरीच वर्षं झाली. मुलींना सांगितलं नाही. तुम्हाला का सांगते आहे — कोण जाणे. सांगताना रडू येईल असं वाटलं होतं. येत नाही.

कामशेतहून वडिवळ्याकडे जाताना आमचं गाव लागायचं. यजमान तिथल्या शाळेत मास्तर. मी पुण्याची, मॅट्रिक झालेली, म्हणून गावात महिला मंडळ निघालं तेव्हा चिटणीस मीच झाले. शनिवारी दुपारी शाळेच्या पडवीत बायका जमायच्या. पाटी गिरवायच्या, तान्ह्या मुलांना पाणी उकळून का द्यायचं ते ऐकायच्या, आणि शिवण शिकायच्या. मशीन एकच. तिच्यावर मी बसायचे आणि बाकीच्या भोवती उभ्या राहायच्या. मला ते फार आवडायचं. हे आधीच सांगून टाकते. मागाहून सांगितलं तर सबब वाटेल.

शेवंता बौद्ध वस्तीतली. धर्मांतराला सात-आठ वर्षं झाली होती, तरी गावाच्या तोंडी त्या वस्तीचं नाव जुनंच होतं. नवरा रेल्वेत गँगमन. पहिल्या दिवशी ती पडवीच्या खालच्या पायरीवर बसली. तेव्हा पार्वतीमावशींनी — पाटलांच्या घरच्या, मंडळाच्या अध्यक्ष — तिला हाताला धरून सतरंजीवर आणलं. मावशींनी आणलं. मी नाही.

वर्षभरात ती माझ्या पुढे गेली. नुसतं माणसाकडे बघून माप घ्यायची. मी टेपने मोजून बेतलेला ब्लाऊज काखेत ओढायचा, तिचा कधी ओढला नाही. बायका कापड घेऊन आधी तिच्याकडे जायला लागल्या. मी मशीनवर बसलेली असायचे, आणि त्या तिच्याकडे.

मग तालुक्याहून महिला मंडळांची कामं बघणाऱ्या मुख्यसेविका आल्या. लोणावळ्याला सहा महिन्यांचा शिवणवर्ग निघणार होता. मंडळातून एकीने जायचं, परत येऊन पगारावर गावातच शिकवायचं. त्यांनी सगळ्यांचं काम पाहिलं, शेवंताने शिवलेलं झबलं उलटं करून टाके पाहिले आणि म्हणाल्या, हिलाच पाठवा. मावशी लगेच म्हणाल्या, "तिलाच धाडा. असा हात हितं दुसरा कुणाचा हाय?" एकही बाई नको म्हणाली नाही. एकही नाही — हे लक्षात ठेवा.

शेवंताने नवऱ्याची सही घेऊन अर्ज माझ्या हातात दिला. मुलीला वराळ्याला आईकडे ठेवायचंही ठरवून आली होती. अर्जावर मी सही करायची आणि तो तालुक्याला धाडायचा, एवढंच काम. मी तो चुलीत घातला. रागाने? नाही. दूध तापत होतं, बाजूला अर्ज होता. घातला.

पंधरा दिवसांनी मुख्यसेविकांनी विचारलं तेव्हा मी आवाज खाली आणून म्हणाले, "तुमच्यासमोर हो म्हणाल्या, पण गावातल्या बायका आता नको म्हणतात हो. तिच्या हाताखाली शिकणार नाही म्हणतात." त्यांनी मान हलवली. लगेच पटलं त्यांना. का पटणार नाही? असं तर सगळीकडेच व्हायचं. आणि शेवंताला मी सांगितलं की तुझं नाव आलं नाही.

इथेच थांबलं असतं तर — पण नाही थांबलं. मुख्यसेविका भल्या बाई. कामशेतच्या बाजारात शेवंता भेटली तेव्हा त्यांनी हळहळून तिला सांगितलं की गावानेच मोडता घातला. दुसऱ्या दिवशी शेवंता माझ्या दारात उभी.

"बाई, मला समदं कळलं," ती म्हणाली. "मला वाईट वाटू नये म्हणून तुमी नाव आलं न्हाई म्हणालात. व्हय ना?"

मी तिला आत घेतलं, बसायला पाट दिला.

"पर मावशीनं बी असं करावं? हाताला धरून वर बसवलंतं मला."

त्या वेळी तोंड उघडता आलं असतं. जीभ जागेवर होती. मी तिला चहा दिला.

ती मंडळात परत आली नाही. तिच्या वस्तीतल्या चौघी येत होत्या, त्याही बंद झाल्या. रस्त्याच्या कामावर ती खडी फोडायला जाऊ लागली. वाटेत भेटली की माझ्याशी थांबून बोलायची. मावशी दिसल्या की पदर पुढे ओढून निघून जायची.

मावशींना ते फार लागलं. कितीतरी शनिवारी त्यांनी मला विचारलं, "ती का येत न्हाई गं? माझं काय चुकलं?"

मी म्हणायचे, "कामं असतील, मावशी."

दहा-बारा वर्षं मी हेच म्हणत राहिले. शेवटच्या दुखण्यात मावशींनी एकदा शेवंताला बोलावणं धाडलं होतं. ती आली नाही. मी उशाशीच होते. मावशी दाराकडे बघत होत्या, आणि मी त्यांना पेज भरवत होते.

त्या गेल्या तेव्हा बायका म्हणाल्या, बघा, शेवंता मयताला पण आली नाही, किती दगडाच्या काळजाची. मीही मान डोलावली.