दोरी सैल कधी सोडायची

मोटार शिकवण्याच्या गाडीत शिक्षकाच्या पायाखाली आणखी एक ब्रेक असतो. मास्तरांचा पाय एकतीस वर्षं त्यावर होता. शेकडो लोक त्यांच्याकडून शिकून परवाना घेऊन गेले. त्यातल्या बहुतेकांची अजूनही समजूत आहे, की तेव्हा गाडी आपणच थांबवत होतो.

निवृत्तीनंतर घरात कुत्र्याचं पिल्लू आलं, ते मास्तरीणबाईंच्या हट्टाने. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलेलं. "एकटी भुतासारखी फिरणार नाही," बाई म्हणाल्या. पिल्लू मात्र बाणासारखं सुटायचं. एकदा फरफटत जाताना विजेच्या खांबाने बाईंना वाचवलं.

मुलीचा फोन आला. "रविवारी येते. दोरी आईच्या हातात देऊन बघणार. आईला ओढलं, तर पिल्लू माझ्याकडे." त्या रात्री पिल्लाचं अंथरूण बाईंच्या पलंगाशी सरकलं.

मास्तरांनी शिकवणी हाती घेतली. पद्धत गुरांच्या डॉक्टरांनी समजावलेली : दोरीला हलका ताण द्यायचा, पिल्लू आपल्याकडे पाऊलभर आलं की लगेच सैल सोडायची, मग बिस्किट. मास्तर ताण चोख देत, बिस्किटही देत. मधलं सैल सोडणं हाताला जमेना. चार दिवसांत पिल्लाने आपला अर्थ लावला : धावायचं, दोरी ताठ करायची आणि मागे वळून मास्तरांच्या खिशाकडे बघत बसायचं. विद्यार्थी हुशार होता.

"अहो, बिस्किट कशाचं?" बाईंनी पायरीवरून विचारलं.

"आलं म्हणून."

"आलं कुठे? तुम्ही ओढून आणलंत. त्या दोरीवर कपडे वाळतील."

"सैल सोडली तर पळेल."

"पळून जाईल कुठे? दुसरं टोक तुमच्याच हातात आहे ना?"

"एकतीस वर्षं शिकवलंय मी."

"माणसांना. आणि त्यांना कधी बिस्किट दिलंत?"

मग बाईंनी दोरीच मागून घेतली. मास्तरांकडे बिस्किटं राहिली, तीही बाईंनी खूण केल्यावरच द्यायची.

रविवारी मुलगी दारातूनच म्हणाली, "चला, बाहेर." बाईंच्या एका हातात काठी, दुसऱ्यात दोरी. बिस्किटं आज त्यांच्याच ओच्यात. दहा पावलांवर भिंतीवर मांजर. पिल्लू झेपावलं, दोरी ताणली गेली. मास्तर पुढे सरसावले. मुलीने त्यांचा दंड धरला. "बाबा, थांबा."

बाईंनी काठी रोवली आणि नुसत्या उभ्या राहिल्या. पिल्लाने ओढून पाहिलं, खोकलं, मागे बघितलं, अर्धं पाऊल आलं. तत्क्षणी बाईंचा हात खाली आला. दोरी लोंबली. "शहाणं गं माझं," म्हणत त्यांनी बिस्किट दिलं. कोपऱ्यापर्यंत त्याने आणखी दोनदा ओढलं, दोनदा ते परतलं.

"ओढतंय अजून," मुलगी म्हणाली.

"ओढतंय. पण तुझी आई हलली नाही," मास्तर म्हणाले.

"मी मागून चालू का?" मास्तरांनी थोड्या वेळाने विचारलं.

"नको. तुम्ही मागे असलात की आई समोर बघत नाही."

बाई कोपऱ्याआड गेल्या. मग मुलगी म्हणाली, "राहू दे इथेच. पण दोरी आईच्याच हातात."

यात मास्तरांचं मत कुणी मागितलं नव्हतं. तरी त्यांनी होकारार्थी मान हलवली.