धरणाविरुद्धचा अर्ज

अंगठ्याच्या शाईचा वास आला की मला सातपुड्याच्या पायथ्याचं ते गाव आठवतं. इंग्रजी अमदानी होती आणि मी जळगाव जामोदजवळच्या त्या गावात शाळामास्तर होतो. वीज काढायला आमच्या नदीवर मोठं धरण बांधायचं घाटत होतं. मी घरोघर फिरून विरोधाच्या अर्जावर साऱ्या गावाचे अंगठे घेतले. साहेब पाहणीला येईल तेव्हा नदीवर जमायचं, असा शब्दही सगळ्यांनी दिला. त्या दिवशी मात्र तापलेल्या वाळूत मी एकटाच उभा होतो. पाटलाने दटावल्यामुळे कोणी फिरकलंच नाही. साहेब घोड्यावरून उतरला, तेवढ्यात पात्रातल्या वाळूत डांगरं, म्हणजे खरबुजं, पिकवणारी एक म्हातारी येऊन माझ्याशेजारी उभी राहिली. “बाकीचे लोक कुठे आहेत?” साहेबाने विचारलं. “भेले ते,” ती म्हणाली, “पण नदी अडवली तं मी डांगरं कुठी लावू, साहेब?” साहेबाने अर्ज घेतला. परतताना गावात सगळे शरमेने मान खाली घालून होते. पुढे माझी बदली झाली. धरणही झालं नाही, का ते कळलं नाही. नदी अजून मोकळी वाहते म्हणतात. मी मात्र कधी पाहायला गेलो नाही; तिथे माझ्या नजरेला नजर देणारी ती म्हातारी एकटीच होती, आणि ती आता नसणार.