कटआउटखालचा रंग

काविळीनं मुलगा गेला आणि मी देवघरासमोर बसणं सोडलं. बायको एकटीच दत्तमहाराजांना फुलं वाहायची. मी मोशीच्या घरामागं त्याची जुनी जीप उघडून बसायचो. तीन वर्षं खपून त्यानं ती उभी केली होती. फक्त बॅटरी चार्ज होत नव्हती, तेवढं त्याच्या हातून राहिलं. ते पुरं करावं, एवढीच इच्छा मला उरली होती. आयुष्य कंपनीत मेंटेनन्सला गेलं, पण इथं काही चालेना. नवी बॅटरी घातली, डायनामोचे ब्रश बदलले, चार्जिंग सांभाळणारा कटआउट बदलला, वायरी नव्या ओढल्या. इंजिन लावलं की मीटरचा काटा वजाकडेच. पोराला वाचवता आलं नाही, त्याची गाडीही नाही, हे आत सलत राहिलं.

शेवटी एका दुपारी ती भंगारात द्यायला निघालो. निघोजे गावाच्या अलीकडेच बॅटरी संपली. शेजारून कंटेनर धडधडत जात होते. स्टिअरिंगवर डोकं टेकून मी महाराजांना म्हणालो, "हेही घेऊन जा. माझ्याच्यानं आता होत नाही."

थोड्या वेळानं एक म्हातारे चाचा स्कूटर लावून आले. जुन्या गाड्यांचे मेकॅनिक होते. बॉनेट उघडून, कटआउटचे स्क्रू ढिले करून त्यांनी खाली पाहिलं.

"डायनामो चांगला हाय, भाऊ. कटआउटला अर्थिंगच न्हाई. बुडाखाली रंग हाय, त्यानं पत्र्याला टेकतच न्हाई. तो खरवडावा लागंल."

"नको!" मी ओरडलोच. "माझ्या पोरानं लावलाय तो. तो आता नाही."

चाचांनी हात मागं घेतला. मग स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात देत म्हणाले, "मग तुमीच खरवडा. हळू. मी थांबतो."

रडत रडत मी तो हिरवा रंग काढला. बोटभर पत्रा उघडा पडला. कटआउट पुन्हा कसला, चाचांनी मागून ढकललं, इंजिन लागलं आणि काटा अधिककडे सरकला. मी वळून पाहतो तो ते स्कूटरला किक मारत होते. नाव विचारायचंही राहून गेलं.

त्यांना कुणी पाठवलं, की ते सहज त्या वाटेनं चालले होते, मला ठाऊक नाही. दुःख तसूभर कमी झालेलं नाही. आजही सकाळी उठवत नाही. पण चाचा जिथं असतील तिथं सुखी असोत, एवढं रोज मागतो. शरण जाणं पोथीत वाचून मला कधी उमगलं नव्हतं. त्या दुपारी मी नुसता हरून बोललो होतो. महाराजांनी तीच प्रार्थना मानून घेतली असावी.