फाटकापलीकडचा दुसरा डोस

परतवाड्याच्या लसीच्या रांगेत मी मोठ्यानं म्हणालो होतो, "बाहेर लस पाठवणं बंद केलं ते बरंच झालं. आधी आपली माणसं." तेव्हा मागे उभा असलेला ट्रकवाला, डोस घेतल्यावर माझ्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसला. रक्त कधीच थांबलं होतं, तरी दंडावरचा कापूस तो दाबूनच होता.

"मी बांगलादेशच्या बॉर्डरवर संत्रे नेतो," तो म्हणाला. "बॉर्डरच्या फाटकापल्याड माहा ट्रक खाली करनारा तिकडचा हमाल मले मामू म्हने. पयला डोस त्याले आपल्याच लशीचा भेटला. दुसरा इकडूनच अटकला. वाट पाहता पाहता कोरोनानं गेला तो."

कापूस डब्यात टाकून तो उठला.

"आता बी गाडी भरून चाललो. संत्र्याले त्या फाटकावर कोनी नाई अडवत, भाऊ."